पायाखालचा चंद्र

मी गरोदर आहे हे मी गल्लीत कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पनवेलला आईला माहीत होतं, आणि पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या सासूबाईंना फोनवर सांगताना मी पुन्हा पुन्हा बजावलं होतं की एवढ्यात कुणाला बोलू नका. त्यानंतर लगेचच मी कपडे वाळत घालायला निघाले, तर वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आडव्या आल्या. माझ्या हातातली बादली त्यांनी काढून घेतली.

"हात उंच करायचे नाहीत आता. दोरीवर मी घालीन."

"का?" मी म्हटलं.

"उगाच," त्या म्हणाल्या, आणि बादली घेऊन गच्चीवर गेल्या.

मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. त्या दिवसापासून महाडच्या आमच्या गल्लीत माझे कपडे माझ्याशिवाय वर जायचे, वाळायचे आणि घडी होऊन खाली यायचे. घडीत कधीकधी दुसऱ्याच कुणाचा परकर असायचा.

मी पनवेलच्या एका मोठ्या सोसायटीत वाढले. तिथे शेजारी म्हणजे दारावरची पाटी आणि लिफ्टमधला एक चेहरा. शाळा इंग्रजी माध्यमाची. दार वाजवावं, 'येऊ का' विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, हे आमच्या अंगात मुरलेलं. महाडला आले आणि कळलं, की इथे दिवसा कुणी दार वाजवलं तर आतल्याला वाटतं, कुणीतरी गेलं. बाकी वेळी माणसं सरळ येतात. मी भाजी निवडत असले तर समोर बसून निवडू लागतात. मी घरबसल्या कॉम्प्युटरवर काम करते हे सांगितल्यापासून तर मला दिवसभर घरी एकटीला करमत नसणार यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. मला उत्तम करमत होतं. पण हे कसं सांगायचं ते मला कुठल्याच माध्यमात शिकवलेलं नव्हतं.

समोरच्या घरात भाभी राहायच्या. त्यांचा नवरा कतारला. घराबाहेर त्यांची छोटी गाडी राखाडी कव्हरखाली झाकून ठेवलेली असायची. भाभी आठवड्यातून एकदा कव्हर काढून गाडी सुरू करायच्या, थोडा वेळ आत बसायच्या आणि बंद करून पुन्हा झाकायच्या. सुरुवातीच्या महिन्यांत एका दुपारी त्यांच्याकडून सुक्या बोंबलांचा वास आला आणि मी खिडकी जरा जोरात लावली. एवढंच. बोलले काहीच नाही. पण त्यानंतर त्या घरातून बोंबलांचा वास कधीच आला नाही. पुष्कळ दिवसांनी मला कळलं, की बोंबील खायची इच्छा झाली की त्या डबा घेऊन बहिणीकडे जात, तिच्याकडे भाजत आणि तिथेच खाऊन येत.

डोहाळ्यांचंही तसंच झालं. काय खावंसं वाटतं, असं सगळ्यांनी विचारलं. मी सगळ्यांना "काही नाही" म्हटलं. खरोखर काही नव्हतं. गल्लीने यातून असा निष्कर्ष काढला की मला काहीतरी जबरदस्त हवंय आणि मी ते लपवतेय. मग रोज कुणीतरी काहीतरी आणायचं, कधी कैरी, कधी आंबोळी, कधी तिसऱ्यांचं कालवण, आणि मी पहिला घास घेताना माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बसायचं. "हे नव्हे," असं एकमेकींना सांगून त्या उठायच्या. दुसऱ्या दिवशी नवा डबा.

आठवा महिना लागला. पुढच्या आठवड्यात आई गाडीने वीर स्टेशनला उतरून मला बाळंतपणाला न्यायला येणार होती. मी मनात दिवस ढकलत होते.

तो दिवस धुळवडीचा. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कंपनीत आहे. बरेच जण शिमग्याला गावी गेल्यामुळे त्याला पहिल्या पाळीला जावं लागलं होतं. तिथे फोन गेटवर जमा करतात. मी उठले आणि नेहमीप्रमाणे पोटावर हात ठेवून थांबले. माझं बाळ रोज सकाळी एकाच वेळी हलायचं. वरच्या काकूंचा मिक्सर सुरू झाला की. त्यांच्याकडे रोज सकाळी ओल्या खोबऱ्याचं वाटण असतं, आणि तो मिक्सर सुरू झाला की छत थरथरतं. घर्रर्र झालं की आतून एक लाथ, की माझा दिवस सुरू.

त्या सकाळी मिक्सर लागला नाही. आणि बाळ हललं नाही.

मी स्वतःला समजावलं, मिक्सर नाही म्हणून झोपलंय. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं: हालचाल कमी वाटली तर काहीतरी गोड खा, डाव्या कुशीवर शांत पडून राहा, आणि तरी हललं नाही तर वाट बघत बसू नका, सरळ निघून या. मी साखर घातलेलं दूध गॅसवर ठेवलं. तेवढ्यात काकू आत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"आज ग्रहण. वेध लागलेत. काही खायचं-प्यायचं नाही."

"कसलं ग्रहण?"

"चंद्रग्रहण. दुपारपर्यंत."

"पण दिवसा चंद्र..."

"ग्रहण काय तुला विचारून लागतं?" काकूंनी बगलेतलं कॅलेंडर काढलं. तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, भारतात दिसणार नाही. मी बोट ठेवून दाखवलं.

"दिसणार नाही, असं लिहिलंय," काकू म्हणाल्या. "लागणार नाही, असं कुठे लिहिलंय?"

मिक्सर का लागला नाही ते मला आता कळलं. ग्रहणात वाटायचं नसतं. सकाळीच सासूबाईंनी काकूंना फोन करून माझी जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती. सासूबाईंकडे माझा नंबर आहे आणि काकूंचाही आहे. त्यातला कुठला जास्त चालतो हे त्या दिवशी उघड झालं.

मला खाटेवर बसवलं गेलं. खायचं नाही, प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही. काही चिरायचं, शिवायचं, दुमडायचं नाही. मांडी घालायची नाही, कारण तेही दुमडणंच. मी पाय सोडून ताठ बसले. पोट शांत होतं. काकू समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि माझा फोन त्यांनी सासूबाईंना लावून तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर सासूबाईंचं अर्धं कपाळ, मागे ढोल आणि गुलाल. गावात पालखी निघाली होती.

"बसलीस का गो?" सासूबाई ढोलाच्या वर ओरडल्या.

"बसले, आई."

"हलू नको. मी बघताय हितून."

मग भाभी आल्या. रमझान चालू होता. "माझा रोजा हाय," त्या म्हणाल्या, "तशी पण उपाशीच हाय. हिच्यासोबत बसते." त्या भिंतीला टेकून बसल्या. हे मला आवडलं. निदान त्या काही बोलत नव्हत्या.

मग कोपऱ्यावरच्या बाई आल्या. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बौद्ध. मुहूर्त, वेध, ग्रहण यांतलं काहीच त्यांच्या घरात पाळत नाहीत. त्यांनी थर्मास आणला होता. खोलीच्या मधोमध बसून त्यांनी कपात चहा ओतला.

"बाई, ग्रहण आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर आले. या पोरीला तुम्ही उपाशी ठेवाल, माहीत होतं मला." त्यांनी कप माझ्यापुढे धरला. काकूंनी मधे हात घातला. मी हात पुढे करते की नाही याची दोघी वाट बघू लागल्या. मला कुणालाच दुखवायचं नव्हतं. मी हात मांडीवरच ठेवले. बाईंनी मग तो चहा स्वतः प्यायला, माझ्याकडे बघत, निषेध म्हणून.

कप ठेवून बाईंनी शिकवायला घेतलं. माझ्या टोपलीतली मोसंबी झाली पृथ्वी, आवळा झाला चंद्र. "हे बघा. आपण इथे. आपल्याकडे ऊन आहे. म्हणजे चंद्र पलीकडे. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. आत्ता, या क्षणी, चंद्र आपल्या पायाखाली आहे. कळलं? तो आपल्याला दिसू शकत नाही."

काकू मोसंबीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच खाली फरशीकडे बघितलं.

"पायाखाली?"

"पायाखाली."

"म्हणजे ग्रहण खालून लागतंय?"

"अहो, लागत नाही..."

"पाय वर घे गो!" काकू ओरडल्या. "पाय वर घे! सकाळपासून जमिनीला टेकवून बसलीय पोर!"

फोनमधून सासूबाई विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. काकूंनी त्यांना सांगितलं की चंद्र खाली आहे. सासूबाई म्हणाल्या, "मंग गोधड्या घाला खाली. चार-पाच घाला."

खाटेखाली गोधड्या आल्या. गोधड्यांवर चटया. भाभींनी त्यांच्या घरातून सतरंजी आणली. हे सगळं चंद्र आणि माझ्या मधे रचलं गेलं. बाई मोसंबी हातात धरून बघत होत्या. "आयुष्यभर शिकवलं मी," त्या कुणालातरी म्हणाल्या. "आयुष्यभर."

दुसरा कुठलाही दिवस असता तर हे मी मनात नीट जपून ठेवलं असतं, रात्री नवऱ्याला सांगायला. पण मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि हाताखाली काहीच होत नव्हतं. मी नवऱ्याला संदेश पाठवला होता. तो गेटवरच्या कपाटात बंद पडून होता. आईला फोन करायचा तर फोन तांदळाच्या डब्यापाशी, त्यात सासूबाई.

मी एकदा म्हटलं, "मला जरा..."

"मोरीत जायचंय?" काकू उठल्या. मोरीपर्यंत सतरंजी अंथरली गेली. मला जायचं नव्हतं. मी गेले, दार लावलं, पोटावर थापटलं, हळू आवाजात "अरे" म्हटलं, आणि बाहेर आले.

पुन्हा थोड्या वेळाने म्हटलं, "काकू, ते मला..."

"भूक लागली असेल. कळतंय मला. आता सुटेल ग्रहण. थोडं राहिलं."

"सुटायला लागलंच नाही ते," बाई म्हणाल्या, आणि त्या दोघींचं पुन्हा जुंपलं. काकू म्हणाल्या, तुमच्या मुलाच्या वेळी तुम्ही पाळलं नाही, म्हणून तो पुण्याला गेला. बाई म्हणाल्या, तो इंजिनियर झाला म्हणून गेला. फोनमध्ये ढोल वाजत होते. एवढी माणसं खोलीत, सगळी माझ्या पोटासाठी जमलेली, आणि पोटात काय चाललंय हे एकटी मला माहीत. ते वाक्य मी मनात पुष्कळदा बनवलं. आधी इंग्रजीत बनलं, मग मराठीत. प्रत्येक वेळी ते तोंडापर्यंत आलं आणि वाटलं, बोलले तर खरं होईल.

तेवढ्यात फोनचं नेटवर्क गेलं. ढोल एकदम थांबले. त्यासरशी काकू आणि बाईंचं भांडणही तुटलं. भाभी माझ्याकडे बघत होत्या, बहुतेक मघापासूनच.

"बाळ हललं नाही," मी म्हटलं. "सकाळपासून."

काकू उठल्या. आता त्या ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. मला कुणी हात लावलेला आवडत नाही हे गल्लीला माहीत होतं आणि आजवर कुणी लावला नव्हता. त्यांचा हात खरखरीत आणि गार होता. तो तिथेच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने फडताळातला गुळाचा डबा ओढला, खडा मोडला आणि माझ्या तोंडात घातला.

"काकू, ग्रहण..."

"खा. लागलं तर मला लागेल."

बाईंनी तोपर्यंत फोन काढला होता. रुग्णवाहिका आंबेनळी घाटात गेलेली होती, तिथे कुणाची तरी गाडी कठड्याला लागली होती. नाक्यावरचे रिक्षावाले शिमग्याला आपापल्या गावी. बाईंनी मग कंपनीच्या गेटवर फोन लावला. तिथला वॉचमन त्यांचा विद्यार्थी निघाला. "ऐक," बाई म्हणाल्या, "आत जा आणि हिच्या नवऱ्याला बाहेर काढ. नियम मला सांगू नकोस. तुला पाढे मी शिकवलेत."

भाभी बाहेर गेल्या. खिडकीतून मी पाहिलं, तर त्या गाडीचं कव्हर ओढून काढत होत्या.

मी उठले आणि दाराकडे निघाले. काकू आडव्या आल्या. "थांब. पाय जमिनीला लावू नको." न खाण्याचं बंधन त्यांनी सोडलं होतं, ग्रहणात उंबरा न ओलांडण्याचंही सोडलं होतं. पण खालचा चंद्र सोडायला त्या तयार नव्हत्या. वाद घालायला वेळ नव्हता आणि हे सगळ्यांत आधी बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी खाटेखालची चटई ओढली आणि माझ्यापुढे अंथरली. मी तिच्यावर पाऊल टाकलं. काकूंनी सतरंजी पुढे टाकली. मी सतरंजीवर गेले की बाई मागची चटई उचलून धावत पुढे येत. बाई, ज्यांनी जन्मात कधी ग्रहण पाळलं नाही, त्या साडीचा ओचा खोचून रस्त्यात चटया घालत होत्या, आणि काकूंपेक्षा त्यांचा हात चपळ होता. "चल, चल, पुढे चल," त्या म्हणत होत्या. धुळवड खेळणारी माणसं पिचकाऱ्या खाली धरून दोन्ही बाजूंना उभी राहिली. एवढ्या मानाने मी लग्नातसुद्धा चालले नव्हते.

गाडीत मला मागे बसवलं आणि माझे पाय काकूंनी मांडीवर घेतले. बाई चटया घेऊन पुढे बसल्या. भाभींनी गाडी सुरू केली आणि म्हणाल्या, "एक सांगते. माझ्याकडे लायसन हाय. पण रिव्हर्स मला येत नाय. आणि दुसऱ्याच्या वर गियर मी कधी टाकला नाय."

"पुढे जाता येतं ना?" बाई म्हणाल्या.

"पुढे येतं."

गाडीचं तोंड दवाखान्याच्या उलट दिशेला होतं. म्हणून आम्ही अख्ख्या गावाला वळसा घालून, तळ्याच्या बाजूने, दुसऱ्या गियरमध्ये, रडणाऱ्या इंजिनासकट निघालो. नेटवर्क परत आलं आणि काकूंनी कमरेच्या पिशवीत टाकलेल्या माझ्या फोनमधून सासूबाईंचा आवाज आला. काकूंनी त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता तिकडे रडारड होईल.

"घाबरू नको गो पोरी," सासूबाई म्हणाल्या. "थांब. पालखी थांबवते."

ढोल थांबले. एका म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज आला, "बा म्हाराजा! आमच्या घरची सून म्हाडात हाय. पोटातलं प्वार सकाळपास्नं गप हाय. त्याला हालव रे म्हाराजा!"

आणि सगळं गाव एका आवाजात ओरडलं, "होय म्हाराजा!"

मी सासूबाईंना विनंती केली होती की एवढ्यात कुणाला बोलू नका.

पेठेच्या तोंडाशी दोर आडवा धरलेला होता. शिमग्याला गाड्या अडवायची रीत आहे. दोर धरणाऱ्यांत एकाने बाईचं सोंग घेतलं होतं. नऊवारी, गजरा, ओठांना लाल रंग, आणि भरघोस मिशा. तो नाचत गाडीपुढे आला आणि बॉनेटवर हात ठेवून मुरका मारला. भाभींनी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं.

बाईंनी काच खाली केली. "इकडे ये."

नऊवारीवाला जवळ आला आणि त्याचा चेहराच बदलला. "बाई, तुम्ही?"

"पदर नीट घे आणि रस्ता मोकळा कर. पोरीला दवाखान्यात न्यायचंय."

त्याने मागे वाकून मला पाहिलं, काकूंच्या मांडीवरचे माझे पाय पाहिले. मग दोर सोडवला, पातळ गुडघ्याच्या वर खोचलं आणि आमच्या पुढे पळत सुटला. "बाजूला व्हा रे! पोटुशी बाई हाय! बाजूला!" मागून त्याचा ढोलवाला. आम्ही दुसऱ्या गियरमध्ये होतो, त्यामुळे तो सहज आमच्या पुढे राहिला. दवाखान्यापर्यंत.

तिथे पायऱ्यांवरही चटया पडल्या. आयाबाई ओरडली, "ही सतरंजी कुणाची? पाय अडकतील माणसांचे!" डॉक्टरबाईंनी मला आत घेतलं आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. पोटावर गार जेल लागलं. यंत्रातून पाण्यात घोडं पळतंय असा आवाज आला.

"ठोके छान आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घाबरायचं नाही. पण हालचाल दिसायला हवी. हे पट्टे लावते, हे सरबत प्या, कुशीवर पडून राहा. थांबून बघू."

त्या गेल्या. दार बंद. पांढऱ्या भिंती. कुणी नाही. डाव्या कुशीवर, शांतपणे, गोड खाऊन. सकाळपासून मला जे हवं होतं ते अगदी हेच. खरं म्हणजे लग्न होऊन आल्यापासून हेच हवं होतं. मी वाट बघितली. घोडं पळत होतं. बाकी काही नाही. मला तिथे एवढं एकटं वाटलं की मी बेल दाबली.

नर्स आली. "काय होतंय?"

"त्यांना आत बोलवता का?"

"कुणाला? एकालाच येता येईल. कोण पाहिजे?"

मी विचार केला. "सगळ्या," मी म्हटलं.

नर्सने नकारार्थी मान हलवली. पण दार उघडलं होतं आणि आमच्या गल्लीला तेवढं पुरतं. काकू आल्या, भाभी आल्या, बाई चटया काखेत मारून आल्या, काकूंच्या पिशवीत सासूबाई आल्या. आल्या आल्या काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "ग्रहण सुटायला आलं."

"कुठलं?" बाई म्हणाल्या. "पायाखालचं?"

"तुम्हीच सांगितलंत पायाखाली!"

"मी भूगोल सांगितला!"

"मोसंबं दाखवलंत ना? मग?"

"हळू बोला," नर्स म्हणाली. "हळू बोला, हळू बोला." तिचं कुणी ऐकलं नाही. फोनमधून सासूबाई म्हणाल्या, "काकू बरोबर बोलतायत." बाई म्हणाल्या, "तुम्ही पालखी बघा." आणि आतून, बरगडीखाली, एक लाथ बसली. अशी की पट्टा सरकला आणि यंत्र खरखरलं.

"आई गं," मी म्हटलं.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग दुसरी लाथ बसली, आणि ती नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांना दिसली. काकू मटकन स्टुलावर बसल्या. भाभींनी ओढणी तोंडावर धरली. बाईंनी चटया खाली ठेवल्या, चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. फोनमध्ये ढोल असे फुटले की नर्सने तो काढून घेतला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, सरबताने झालं. सासूबाई आजही सांगतात, म्हाराजाने हलवलं. काकूंच्या मते ग्रहण सुटलं, बाईंच्या मते बाळ झोपलं होतं ते उठलं. मी कुणाशीच वाद घातला नाही. तेवढ्यात नवरा सेफ्टी शूज आणि हेल्मेटसकट, नखशिखांत गुलाबी होऊन पोचला. वाटेत त्याला तीन ठिकाणी रंगवलं होतं. परत जाताना गाडी पुन्हा उलट्या तोंडाने उभी होती, म्हणून त्या नऊवारीवाल्याने आणि नवऱ्याने मिळून ती ढकलून वळवली.

संध्याकाळी भाभींनी रोजा आमच्याच खोलीत सोडला. खजूर वाटून झाल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "काय खावंसं वाटतं का?"

"बोंबील," मी म्हटलं. "भाजलेले."

काकू शाकाहारी आहेत. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इतके महिने हे होतं?" त्या म्हणाल्या. नव्हतं. त्याच क्षणी झालं होतं. भाभी उठून समोर गेल्या. मी माझी खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वरचा मिक्सर सुरू झाला. खोबऱ्याचा आवाज भरीव येतो. हा तसा नव्हता. काकू रिकामा मिक्सर फिरवत होत्या. मग तो थांबला आणि वरच्या खिडकीतून हाक आली, "हललं का गो?"

सगळी गल्ली ऐकत असणार. मी खिडकीत गेले. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मला माहीत नव्हतं. "हललं!"

पुढच्या आठवड्यात मी आईबरोबर पनवेलला गेले. सकाळी फोन वाजला. पलीकडून आधी काही वेळ नुसतं घर्रर्र, मग काकू. "हललं का गो?" घरात रेंज येत नाही म्हणून मी गॅलरीत उभी होते. "हललं!" मी ओरडले. शेजारच्या गॅलरीतल्या काकांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर घेतला. आमच्या दोन्ही गॅलऱ्यांमध्ये एक हातभर अंतर आहे आणि मी शाळेत असल्यापासून ते तिथे पेपर वाचतात. आम्ही कधी बोललो नव्हतो.

रोज फोन येत राहिला. रोज मी ओरडत राहिले.

मग एका सकाळी महाडला लाइट गेली, मिक्सर लागला नाही, फोन आला नाही. मी तपासणीसाठी खाली निघाले. लिफ्टमध्ये शेजारचे काका होते. ते आधी आकड्यांकडे बघत होते. मग पायांकडे. मग घसा साफ करून, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "आज हललं का?"

"हललं," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "सकाळी आवाज आला नाही. आमची ही काळजीत पडली होती."